दीर्घिकांची आवक-जावक

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या या व्याख्यानमालेत आतापर्यंत साहित्य, संगीत आणि नाट्य या आपल्या जिव्हाळ्याच्या विषयांवर अधिकारी वक्त्यांची भाषणे झाली. आज कार्यकारिणीने विज्ञानाचे पान माझ्याकडे सोपविले आहे. मी विज्ञानाचा पदवीधर नव्हे. कला शाखेची पदवी घेऊन केंद्र सरकारच्या सेवेत शिरलेला आणि तीस वर्षे जमाखर्चाच्या फायलींत रमलेला मी एक सामान्य वाचक आहे. पण आजच्या विषयाकडे मी ओढला गेलो तो नेमका या हिशेबाच्या सवयीमुळेच. प्रत्येक कार्यालयात आवक-जावक नोंदवही असते. दीर्घिकांनाही अशी एक आवक-जावक असते आणि तिची नोंद ठेवण्याचे काम गेली काही दशके शास्त्रज्ञ मोठ्या चिकाटीने करीत आहेत. त्या नोंदवहीची काही पाने आपल्यासमोर उलगडावीत, एवढाच माझा हेतू आहे.

प्रथम हिशेबातील तफावत सांगतो. आपली आकाशगंगा ही सुमारे १ लाख प्रकाशवर्षे व्यासाची, ताऱ्यांची आणि वायूची एक विशाल चकती आहे. तिच्यात दरवर्षी सरासरी एक ते दोन सूर्यांच्या वजनाइतके नवे तारे जन्मास येतात. तारे वायूपासून घडतात. चकतीत आज शिल्लक असलेला वायू या दराने काही अब्ज वर्षांतच संपावा. परंतु आपली आकाशगंगा तर १० अब्जांहून अधिक वर्षे तारे घडवीत आली आहे. उत्पन्न ठाऊक नाही, खर्च मात्र अखंड चालू आहे आणि तरी तिजोरी रिकामी होत नाही, असे एखाद्या खात्याचे दिसले, तर कोणताही लेखापरीक्षक एकच प्रश्न विचारील : पैसा येतो कोठून?

दुसरी तफावत याच्या उलट आहे. ऑक्सिजन, कार्बन, सिलिकॉन, लोह ही मूलद्रव्ये ताऱ्यांच्या पोटात आणि त्यांच्या स्फोटांत तयार होतात. आजवर होऊन गेलेल्या ताऱ्यांनी ती किती निर्माण केली असतील, याचा अंदाज बांधता येतो. पण दीर्घिकांच्या चकत्यांत त्यांचा शोध घेतला, तर बराच मोठा हिस्सा तेथे सापडत नाही. म्हणजे जमा होत असलेली आवक आपल्याला दिसत नाही आणि बाहेर गेलेल्या जावकेचीही नोंद नाही. या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच ठिकाणी असावे, असे शास्त्रज्ञांना वाटू लागले. ते ठिकाण म्हणजे चकतीभोवती दूरवर पसरलेले अतिविरळ वायूचे वलय, आपण त्याला दीर्घिकेचे प्रभामंडल म्हणू.

अडचण अशी की हा वायू जवळजवळ अदृश्य आहे. तो इतका विरळ आहे की त्याचा स्वतःचा प्रकाश टिपणे अतिशय अवघड. मग तो पाहावा कसा? आपल्या लहानपणी घरोघरी कंदील असत. कंदिलाच्या काचेवर काजळी धरली आहे, हे आपल्याला काजळीच्या उजेडामुळे कळत नसे. आतल्या ज्योतीचा उजेड जितका अडे, त्यावरून काजळीचा अंदाज येई. येथेही हीच युक्ती वापरतात. अब्जावधी प्रकाशवर्षांवर क्वासार नावाच्या अत्यंत तेजस्वी ज्योती आहेत. १९६३ साली मार्टेन श्मिट यांनी त्यांच्या अफाट अंतराचा उलगडा केला. एखाद्या क्वासाराचा प्रकाश आपल्याकडे येताना वाटेतील एखाद्या दीर्घिकेच्या प्रभामंडलातून गेला, तर तेथील अणू त्या प्रकाशातील ठरावीक तरंगलांबीचे किरण शोषून घेतात. प्रकाशाचा वर्णपट पसरून पाहिला की त्या जागी काळ्या रेषा दिसतात.

या काळ्या रेषा फार बोलक्या असतात. रेषा कोणत्या जागी आहे, यावरून मूलद्रव्य ओळखता येते. ती किती गडद आहे, यावरून वायूचे प्रमाण कळते. ती आपल्या नेहमीच्या जागेपासून किती सरकली आहे, यावरून वायू आपल्याकडे येतो आहे की दूर जातो आहे आणि किती वेगाने, हे समजते. आणि अणूने किती इलेक्ट्रॉन गमावले आहेत, यावरून तेथील तापमानाचा आणि परिस्थितीचा अंदाज बांधता येतो. या शेवटच्या गोष्टीचा पाया १९२० साली मेघनाद साहा यांनी आपल्या आयनीभवनाच्या समीकरणाने घातला, ही आपणा भारतीयांना अभिमानाची गोष्ट आहे.

आता जंबुपार किरणांकडे वळू. यांनाच आजची पाठ्यपुस्तके अतिनील किरण म्हणतात. जांभळ्या रंगाच्या पलीकडचे, डोळ्यांना न दिसणारे हे किरण. निसर्गाची योजना अशी आहे की या विरळ वायूच्या सर्वांत महत्त्वाच्या रेषा नेमक्या याच भागात पडतात. हायड्रोजनची मुख्य रेषा १२१६ अँगस्ट्रॉमवर, कार्बनची जोडरेषा १५४८ आणि १५५१ वर, तर पाच इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची जोडरेषा १०३२ आणि १०३८ वर. आपले डोळे साधारण ४००० ते ७००० अँगस्ट्रॉम एवढेच पाहू शकतात. त्यातच आपल्या वातावरणातील ओझोन सुमारे ३००० अँगस्ट्रॉमखालचे किरण जमिनीपर्यंत येऊच देत नाही. त्या ओझोनमुळेच आपण जगतो, तेव्हा त्याविषयी तक्रार करण्यात अर्थ नाही.

यात एक गंमत आहे. अतिदूरच्या दीर्घिकांच्या रेषा विश्वाच्या प्रसरणामुळे तांबड्या बाजूला सरकत सरकत दृश्य प्रकाशात येतात, त्यामुळे त्या जमिनीवरच्या दुर्बिणींतूनही अभ्यासता येतात. जवळच्या दीर्घिकांच्या रेषा मात्र जंबुपार भागातच राहतात. दूरचे पाहण्यास पृथ्वी पुरते, पण शेजाऱ्याचे घर पाहण्यासाठी मात्र वातावरणाच्या वर जावे लागते!

वर जाण्याची ही कल्पना अंतराळयुगाच्या आधीची आहे. १९३७ सालीच मेघनाद साहा यांनी सूर्याच्या जंबुपार किरणांच्या अभ्यासासाठी वातावरणाच्या वरच्या थरांत वेधशाळा नेण्याचा विचार मांडला होता. अमेरिकेत लायमन स्पिट्झर यांनी १९४६ साली अवकाश दुर्बिणीचा पुरस्कार केला आणि १९५६ साली, आपल्या आकाशगंगेभोवती तप्त वायूचे मंडल असले पाहिजे, असे भाकीत केले. १९६९ साली जॉन बाकॉल आणि स्पिट्झर यांनी आणखी पुढे जाऊन असे सुचविले की क्वासारांच्या वर्णपटांत दिसणाऱ्या अनेक काळ्या रेषा वाटेतील दीर्घिकांच्या विस्तीर्ण प्रभामंडलांमुळे पडत असाव्यात.

भाकीत खरे ठरविण्यास उपकरणे हवी होती. १९७२ साली सोडलेल्या कोपर्निकस उपग्रहाने ताऱ्यांमधील जागेत तप्त ऑक्सिजनच्या रेषा शोधल्या. १९७८ साली निघालेल्या आंतरराष्ट्रीय जंबुपार उपग्रहाने १८ वर्षांहून अधिक काळ सेवा केली. मॅगेलनी मेघांतील ताऱ्यांचा प्रकाश तपासून त्याने आपल्या आकाशगंगेभोवतीच्या तप्त वायूचा पुरावा १९७९ साली पुढे आणला. १९९० साली हबल दुर्बीण अंतराळात गेली. १९९९ ते २००७ या काळात ‘फ्यूज’ या उपग्रहाने ९०५ ते ११८७ अँगस्ट्रॉम हा अवघड पट्टा अभ्यासला. आणि मे २००९ मध्ये अंतराळवीरांनी हबलवर एक नवा, अतिशय संवेदनशील जंबुपार वर्णपटदर्शक बसविला. त्यानंतर या विषयाचे रूपच पालटले.

जेसन टमलिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४२ दीर्घिकांच्या प्रभामंडलांतून येणारा क्वासारांचा प्रकाश तपासला. २०११ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा की ज्या दीर्घिकांत तारे जन्मत आहेत, त्यांच्याभोवती सुमारे ५ लाख प्रकाशवर्षांपर्यंत आयनीभूत ऑक्सिजन पसरलेला आहे आणि प्रत्येकीभोवती त्याचे वजन किमान १ कोटी सूर्यांइतके भरते. हरवलेल्या रकमेचा मोठा हिस्सा असा घराबाहेरच्या अंगणात सापडला. तारे घडविण्याचे थांबलेल्या दीर्घिकांभोवती मात्र हा ऑक्सिजन क्वचितच आढळला. आश्चर्य असे की अशा अनेक निवृत्त दीर्घिकांभोवतीही थंड हायड्रोजन विपुल आहे. कोठारात धान्य आहे, पण चूल पेटत नाही. असे का व्हावे, हे कोडे अद्याप पूर्णपणे सुटलेले नाही.

एका दीर्घिकेमागे साधारणपणे एकच सोयीचा क्वासार सापडतो. एका छिद्रातून डोकावून वाडा कसा आहे हे ठरविण्यासारखेच ते. याला अपवाद आपल्या शेजारणीचा, देवयानी दीर्घिकेचा. ती २५ लाख प्रकाशवर्षांवर आहे आणि तिचे प्रभामंडल आपल्या आकाशात इतके पसरलेले आहे की त्याच्यामागे अनेक क्वासार येतात. निकोलस लेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे ४३ क्वासार वापरून २०२० साली त्या प्रभामंडलाचा नकाशाच प्रसिद्ध केला. ते काही दिशांना २० लाख प्रकाशवर्षांपर्यंत पोहोचते. सुमारे ५ लाख प्रकाशवर्षांपर्यंतचा आतला भाग अधिक गुंतागुंतीचा आणि खळबळीचा आहे, बाहेरचा अधिक तप्त आणि सौम्य आहे. हे मंडल डोळ्यांना दिसते, तर सप्तर्षींच्या सुमारे तिप्पट रुंदीचे दिसले असते. आणि आपल्या आकाशगंगेचे मंडलही तसेच असेल, तर दोन्ही शेजारणींची अंगणे आताच एकमेकींना लागलेली आहेत.

आता आपल्या घरची नोंदवही पाहू. १९६०च्या दशकाच्या प्रारंभी गेल स्मिथ यांनी शोधलेला, त्यांच्याच नावाने ओळखला जाणारा एक वायुमेघ आपल्या आकाशगंगेकडे झेपावत आहे. तो सुमारे ११००० प्रकाशवर्षे लांब आहे आणि सुमारे ३ कोटी वर्षांनी चकतीवर आदळेल. हा पाहुणा परका की घरचा? २०१६ साली हबलने त्याच्यामागील तीन दीर्घिकांच्या तेजस्वी केंद्रांचा प्रकाश तपासला, तेव्हा मेघातील गंधकाचे प्रमाण सूर्याच्या निम्मे भरले. बाहेरून आलेल्या मूळच्या वायूत इतके गंधक नसते. म्हणून हा मेघ आपल्याच चकतीतून बाहेर फेकला गेला असून आता परत येत आहे, असा निष्कर्ष अभ्यासकांनी काढला.

२०१९ साली अँड्र्यू फॉक्स आणि सहकाऱ्यांनी हबलच्या दहा वर्षांच्या नोंदी एकत्र करून आपल्या आकाशगंगेचा वेगवान मेघांपुरता जमाखर्च मांडला. दरवर्षी सुमारे अर्ध्या सूर्याइतका वायू आत येतो आणि सुमारे एक षष्ठांश सूर्याइतका बाहेर जातो. म्हणजे आवक जावकेपेक्षा अधिक आहे. पण ताऱ्यांच्या जन्मासाठी तर वर्षाला एक ते दोन सूर्यांइतका वायू खर्च होतो. याचा अर्थ ताळेबंद अजून जुळलेला नाही, काही नोंदी अद्याप सापडावयाच्या आहेत.

या जमाखर्चाशी आपला काय संबंध, असे कोणी विचारील. आपल्या रक्तातील लोह आणि श्वासातील ऑक्सिजन ताऱ्यांत घडला. त्यातील काही अणू एकेकाळी चकतीबाहेर जाऊन पुन्हा परतलेल्या वायूतून आले असण्याचा संभव आहे. ही ये-जा नसती, तर सूर्याला जन्म देण्याइतका समृद्ध वायू येथे उरला असता की नाही, कोण जाणे.

चिंतेची बाब अशी की हे काम आज मुख्यतः एकाच वृद्ध दुर्बिणीच्या आधारावर उभे आहे. अंतराळवीरांनी हबलची शेवटची दुरुस्ती २००९ साली केली. तेथे माणसे नेणारी अंतराळयाने २०११ साली निवृत्त झाली. जून २०२४ मध्ये हबलला एकाच घूर्णदर्शीवर काम करण्याची वेळ आली. तिचा डोळा मिटला, तर जवळच्या दीर्घिकांचा जंबुपार वर्णपट इतक्या बारकाईने पाहणारी तिच्या तोडीची दुसरी दुर्बीण आज कार्यरत नाही.

या क्षेत्रात आपला देश मागे नाही, हे सांगताना, आणि तेही या बंगळूर नगरीत सांगताना, मला विशेष आनंद होतो. २८ सप्टेंबर २०१५ रोजी सोडलेल्या ‘ॲस्ट्रोसॅट’ वेधशाळेवरील जंबुपार दुर्बिणीची जुळणी येथून जवळच होसकोटे येथे, भारतीय ताराभौतिकी संस्थेच्या प्रयोगशाळेत झाली. पुण्याच्या ‘आयुका’चाही त्या कामात सहभाग होता. १९८८ साली आयुकाची स्थापना करणारे आणि मराठीतून विज्ञान घरोघर पोहोचविणारे जयंत नारळीकर २० मे २०२५ रोजी आपल्यातून गेले, त्यांचे स्मरण या ठिकाणी करणे उचित होईल. ही दुर्बीण प्रामुख्याने चित्रे घेणारी आहे, सूक्ष्म वर्णपटाचे काम तिचे नव्हे. तरीही २०२२ साली आसामातील तेजपूर विद्यापीठ, आयुका आणि अन्य संस्थांच्या संशोधकांनी तिच्या साह्याने छोट्या दीर्घिकांच्या दृश्य सीमेबाहेर नव्या ताऱ्यांचा अंधूक जंबुपार प्रकाश शोधला. बाहेरून वायू येऊन दीर्घिका कडेकडेने कशा वाढतात, त्याचे हे चिन्ह मानले जाते. यापुढील पाऊल म्हणून चित्रे आणि वर्णपट दोन्ही घेणाऱ्या भारतीय अवकाश दुर्बिणीचा प्रस्ताव भारतीय ताराभौतिकी संस्थेने मांडलेला आहे. तो सिद्धीस जावा, अशी आपण सर्वांनी इच्छा करू या.

आपल्या मंडळाच्या पन्नास वर्षांकडे पाहताना मला हीच आवक-जावक दिसते. बदलीवर आलेली कुटुंबे येथे रुळली, काही निवृत्तीनंतर गावी परतली, मुले दूरदेशी गेली, आणि तितकीच नवी माणसे दारातून आत आली. जे जातात ते रिकाम्या हातांनी जात नाहीत, येथले काही बरोबर नेतात. जोवर नवी माणसे येतात, तोवर मंडळाची चूल पेटती राहील.

एक विनंती करून थांबतो. येत्या मार्गशीर्षात, चांदणे नसलेल्या एखाद्या रात्री, मंडळाने शहराबाहेर आकाशदर्शनाचा कार्यक्रम ठेवावा आणि तरुणांनी त्यासाठी पुढाकार घ्यावा. देवयानी दीर्घिका तेव्हा रात्रीच्या पहिल्या प्रहरात नुसत्या डोळ्यांनी अंधूक ठिपक्यासारखी दिसते. मुलांना तो ठिपका दाखवा, आणि त्याच्याभोवती न दिसणारे केवढे विस्तीर्ण अंगण आहे, तेही सांगा.