वजन काट्यावर करायचं, तोंडावर नाही

(मुरूडमध्ये तरुण मुलामुलींच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)

 

मित्रांनो आणि मैत्रिणींनो, आज मला ‘समाजासाठी झटणारा माणूस’ या विषयावर बोलायला सांगितलं आहे. अशा विषयावर आपण नेहमी आमदार, मौलाना, डॉक्टर किंवा संस्थाचालकांबद्दल ऐकतो. मी एका दुकानाच्या मॅनेजरबद्दल बोलणार आहे. ते माझे मामू. गेल्या वर्षी ते गेले. त्यांचं नाव मी मुद्दाम घेत नाही, कारण स्वतःचं नाव पाटीवर लागलेलं त्यांना कधी आवडलं नाही.

मामू सत्तरच्या दशकात मुंबईला गेले. आपल्या किनाऱ्यावरच्या मुसलमान घरातल्या पोरांपुढे तेव्हा तीन वाटा असत: जहाज, आखात नाहीतर मुंबई. मामूंना बोट लागायची, म्हणून ते मुंबईत राहिले, असं आई हसत सांगते. गिरणगावातल्या एका ग्राहक सहकारी भांडारात त्यांना पुड्या बांधायचं काम मिळालं.

ही भांडारं काय होती, हे तुमच्या वयाच्या मुलांना सांगावं लागेल. १९४८ साली नायगावात गिरणी कामगार आणि समाजवादी कार्यकर्त्यांनी मिळून एक दुकान काढलं. तेच पुढे ‘अपना बाजार’ म्हणून मुंबईत पसरलं. कल्पना त्याहून जुनी. १८४४ च्या डिसेंबरात इंग्लंडमधल्या रॉचडेल गावी २८ जणांनी वर्गणी काढून दुकान थाटलं. पीठ, लोणी, साखर, ओटचं पीठ आणि मेणबत्त्या, एवढाच माल. पण माल भेसळीचा नाही, माप पुरं, नफा सभासदांच्या खरेदीच्या प्रमाणात वाटायचा, आणि प्रत्येक सभासदाला एकच मत. गिऱ्हाईक आणि मालक एकच. मामू दहावी शिकलेले होते, पण हे चार नियम त्यांना इतके पाठ होते की लहानपणी मला वाटायचं, रॉचडेल हे म्हसळ्याच्या पुढचंच एखादं गाव असेल.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. संप लांबला तसं गिरणगाव रिकामं होत गेलं. कोकणातली माणसं गावी परतली, त्यांत मामूही आले. थोड्याच वर्षांत इकडे एका ग्राहक भांडाराला मॅनेजर हवा होता. मामूंनी ते सांभाळलं, ते निवृत्त होईपर्यंत.

त्यांनी पहिल्याच आठवड्यात गल्ल्याशेजारी सरकारी शिक्क्याचं एक किलोचं वजन ठेवलं. ज्याला शंका येईल त्यानं ते उचलून स्वतः काट्यावर ठेवून बघावं. दारात भावफलक लावला. पावसाळ्यात आपल्याकडे गूळ पाझरतो, मिठाला पाणी सुटतं. त्यात जे वजन कमी भरायचं त्याची ‘घट’ वेगळ्या वहीत लिहायची, गिऱ्हाइकाच्या पुडीतून काढायची नाही. कामावरच्या पोरांना त्यांचं एकच वाक्य: वजन काट्यावर करायचं, तोंडावर नाही. तोंड पाहून माप बदललं की दुकान संपलं. कुरआनात मापात मारणाऱ्यांच्या नावाचीच एक सूरह आहे, अल-मुतफ्फिफीन. मामूंनी ती दुकानात कुणाला ऐकवली नाही. वजन मात्र समोर ठेवलं.

आता उधारीकडे या, कारण खरी परीक्षा तिथे होते. रॉचडेलवाल्यांचा नियम रोखीचा. पण आपला किनारा रोखीवर चालत नाही. पावसाळ्यात कोळीवाड्यातल्या होड्या वर ओढलेल्या असतात. हल्ली यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै बंदीच असते. हातात पैसा येतो तो नारळी पौर्णिमेनंतर. आपल्या मोहल्ल्यात पैसा येतो जहाजावरून किंवा आखातातून, आणि कंपनीनं पगार थकवला की घरच्या बाईची पंचाईत. दोन्ही घरांत चूल मात्र रोज पेटते.

मामूंनी भांडाराच्या कमिटीपुढे प्रस्ताव ठेवला. प्रत्येक सभासद घराला एक कार्ड, घरातल्या माणसांच्या संख्येवर ठरलेली उधारीची मर्यादा आणि फेडीची ठरलेली मुदत. कोळी, आगरी, मुसलमान, बौद्ध, भंडारी, सगळ्यांना एकच कोष्टक, आणि ते कोष्टक भिंतीवर. ओळखीवर उधारी नाही आणि अनोळखी म्हणून नकारही नाही.

उधारीच्या वहीत नाव नव्हतं, फक्त कार्डाचा नंबर होता. कुठला नंबर कुणाचा, हे दुसऱ्या वहीत, आणि ती कपाटात कुलूपबंद. मी इंजिनिअरिंगला असताना विचारलं, एवढा खटाटोप कशाला? ते म्हणाले, “वही गल्ल्यावर उघडी पडलेली असते. शेजारणीनं वाकून बघितलं तर? माणूस उधार घेतो, अब्रू गहाण ठेवत नाही.” आज माझ्या क्षेत्रात लोकांची माहिती सुरक्षित कशी ठेवावी यावर दिवसभराची प्रशिक्षणं होतात. त्यातला पहिला धडा मामूंनी दोन वह्यांत बसवला होता.

आता १९९३. त्या वर्षाच्या सुरुवातीला आपल्याच किनाऱ्यावर, दिघी आणि शेखाडीला, शस्त्रं आणि स्फोटकं उतरवली गेली. १२ मार्चला मुंबईत बॉम्बस्फोट झाले, २५७ माणसं गेली. पुढे या प्रकरणात कस्टम आणि पोलीस खात्यातले काही जणही दोषी ठरले. पण त्या महिन्यांत इकडच्या प्रत्येक मुसलमान घराकडे संशयानं बघितलं जात होतं. मी तेव्हा पाच वर्षांचा. आईकडून ऐकलेलं सांगतो. भांडारात काही नेहमीची गिऱ्हाइकं यायची थांबली. कुणी भांडलं नाही, बोललं नाही, फक्त आली नाहीत.

मामूंनी काय केलं? दुकान ठरल्या वेळेला उघडलं. रोज. भावफलकावर रोजचा भाव लिहिला. जी घरं येत नव्हती त्यांच्या कार्डाची मुदत संपत आली होती, त्यांना तगादा लावला नाही आणि सूटही दिली नाही. सगळ्यांना जाते तशी छापील चिठ्ठी गेली. आई म्हणते, त्या चिठ्ठीनंच काम केलं. चिठ्ठीत राग नव्हता, विनवणी नव्हती. एक बाई उधारी फेडायला आली, जाताना साखर घेऊन गेली. मग दुसरी आली.

त्याच दिवसांत जमातीतल्या काही जणांनी मामूंना सुचवलं की आपल्या लोकांसाठी वेगळं दुकान काढू, पैसा आम्ही घालतो, तुम्ही चालवा. पगारही जास्त होता. घरात तीन मुली होत्या, मामींची शिलाई चालू होती, पैसे नको होते असं नाही. मामूंचं उत्तर आई अजून सांगते. “वेगळं दुकान काढणं सोपं आहे. मग वेगळा दवाखाना काढा, वेगळी शाळा काढा, वेगळी एसटी काढा. आणि पूर आला की वेगळी होडी.” ते गेले नाहीत.

मला इथे महाडची आठवण होते. डिसेंबर १९२७ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांच्या सत्याग्रह परिषदेच्या मांडवासाठी महाडात जागा मिळेना. तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थानं आपली जमीन दिली. आपल्या जिल्ह्याचा हा वारसा आहे. फत्तेखानानं भाषण केल्याचं कुणी सांगत नाही. आपल्याकडे जे होतं ते त्यानं योग्य वेळी सगळ्यांच्या कामाला दिलं. फत्तेखानाकडे जमीन होती, मामूंकडे एक काउंटर होता.

आता घरातलं सांगतो. बाहेर न्यायाच्या गोष्टी करणारी माणसं घरात कशी वागतात, हे आपण सगळे जाणतो. मामू घरचा किराणा भांडारातूनच घेत, रांगेत उभं राहून, पावती फाडून. मॅनेजरच्या घरी सणाला तरी जरा बरा तांदूळ आधी यावा, असं मामींना वाटायचं. तो कधी आला नाही. मामी चिडायच्या, मग पावती खिळ्याला लावून ठेवायच्या. दर रविवारी रात्री मामू तिन्ही मुलींना घेऊन घरखर्चाची बेरीज करत. कुठे किती गेलं, हे मुलींना माहीत असलंच पाहिजे, हा त्यांचा हट्ट. आज तिघी कमावतात आणि तिघींच्या निकाहात मेहेरची रक्कम त्याच दिवशी त्यांच्या नावावर बँकेत जमा झाली.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. नाना वारले तेव्हा नानी आधीच गेली होती. मागे मामू, माझी आई आणि खाला. नानांची सुपारी-नारळाची वाडी होती. आपल्याकडे रीत काय आहे? बहिणींना बोलवायचं, जेवायला घालायचं, साडी द्यायची आणि हक्कसोडपत्रावर सही घ्यायची. “भाऊ आहे ना, माहेर राहील.” शरियतचं नाव घेणारेही हेच करतात, आणि शरियतमध्ये मुलीचा वाटा स्पष्ट लिहिलेला आहे. माझी आई सही करायला तयार होती. गावातल्या वडीलधाऱ्यांनी कागदही तयार ठेवला होता. मामूंनी तो परत पाठवला. तलाठ्याकडे तिघांची वारस नोंद केली: चारातले दोन हिस्से त्यांचे, एकेक दोन्ही बहिणींचा. सातबाऱ्यावर आईचं नाव लागलं. आई म्हणाली, लोक म्हणतील बहिणीनं भावाकडून वाटणी घेतली. मामू म्हणाले, “लोक दुकानात मला वजन विचारतात. घरात मारलेलं माप त्यांना दिसत नाही, मला दिसतं.”

त्या वाडीच्या उत्पन्नातला आईचा वाटा माझ्या इंजिनिअरिंगच्या फीला लागला. मी आज तुमच्यापुढे उभा आहे त्यात त्या सातबाऱ्याचा हिस्सा आहे.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आपल्या किनाऱ्यावर आदळलं. तुमच्यातल्या बहुतेकांनी ते पाहिलं आहे. वाड्या झोपल्या, पत्रे उडाले, कौलं फुटली, कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. वर लॉकडाऊन. मोबाईलला रेंज नाही, म्हणजे फोनवरून पैसे देणं बंद. मामू निवृत्त झाले होते. ते भांडारात गेले, नव्या मॅनेजरला म्हणाले, मशीन राहू दे, जुनी कार्डं काढ. मेणबत्त्या आणि ताडपत्री छापील किमतीलाच, आणि घरटी ठरलेल्या संख्येत. बाहेर ताडपत्रीचे भाव चढत होते. एका जवळच्या नातेवाइकानं दोन जास्त मागितल्या. त्यांना रांगेतल्याइतकीच मिळाली. आजही ते आमच्याकडे येतात तेव्हा हा विषय निघतो, आणि आता तेही हसतात.

मी सॉफ्टवेअर लिहितो. कुणाचा अर्ज पुढे न्यायचा, कुणाचा थांबवायचा, हे ठरवणारे नियम आमच्यासारखी माणसं लिहितात. यंत्र तोंड पाहत नाही असं लोकांना वाटतं. पण यंत्राला जुना हिशोब शिकवला की जुना भेदभावही ते शिकतं. आडनावाचा रकाना काढून टाकला तरी पिनकोड राहतो, आणि मोहल्ल्याचा पिनकोड सगळं सांगून जातो. म्हणून मी बैठकीत विचारतो: हे कोष्टक भिंतीवर लावता येईल का? ज्याला नकार मिळेल त्याला कारण वाचता येईल का? हे प्रश्न मला कॉलेजात कुणी शिकवले नव्हते.

आज आपल्या फोनवर अमक्याकडून घेऊ नका, तमक्याकडूनच घ्या, असे मेसेज फिरतात. दोन्हीकडून फिरतात. त्यानं पोट कुणाचं मारलं जातं? रस्त्यावर भाजी, बांगडी, मासळी विकणाऱ्याचं. आपण यावर चिडतो, पोस्ट टाकतो. चिडायलाच हवं. पण मामूंची पद्धत सांगतो: आपलं माप इतकं उघड ठेवायचं की संशय घेणाऱ्याला ते उचलून बघता यावं. आणि समोरच्याचं माप बिघडलं म्हणून आपलं बिघडवायचं नाही. याला कुणी कमजोरी म्हणेल. ज्यानं १९९३ च्या उन्हाळ्यात रोज वेळेवर दुकान उघडलं, त्या माणसाला मी कमजोर म्हणू शकत नाही.

तुमच्याकडून मला तीन गोष्टी हव्या आहेत.

एक. आपापल्या जमातीचा, ट्रस्टचा जमाखर्च दरवर्षी फलकावर लागू दे. तो लिहायला तुम्ही बसा. मुलींनीही बसा.

दोन. गावातल्या सोसायटीचे, भांडाराचे, पतसंस्थेचे सभासद व्हा आणि ३० सप्टेंबरच्या आत होणाऱ्या वार्षिक सभेला जा. मागे बसून वडा खाऊन येऊ नका. ताळेबंद मागा, एक प्रश्न विचारा. ग्रामसभेतही तेच.

तीन, आणि ही सगळ्यात अवघड. आज रात्री घरी जाऊन सातबारा बघा. आई, आत्या, बहीण यांची नावं आहेत का? नसतील तर अब्बांना विचारा, का नाहीत. आवाज चढवू नका. पण विचारा. जे भाऊ इथे बसले आहेत, त्यांच्या हातात तर हे काम उद्याच आहे.

मामूंच्या जनाज्याला कोळीवाड्यातून माणसं आली होती, बौद्धवाडीतून आली होती. त्यांतल्या एका म्हाताऱ्या कोळणीनं आईला एक जुनं, कडा झिजलेलं कार्ड दाखवलं. नंबर एकशे बारा. ती म्हणाली, “माझी उधारी कोणाला कळली नाय.” आईनं ते कार्ड तिलाच परत दिलं.