खालीं उतरविलेली मोटार आणि टायरांची झीज

मनुष्य कसा चालतो हें त्याच्या चेहऱ्यावरून कळत नाहीं. तें त्याच्या वहाणेच्या टाचेवरून कळतें. जुना चांभार वहाण हातांत घेऊन उलटी करतो आणि मालकाकडे न पाहतांही सांगतो कीं, हा गृहस्थ पाय बाहेर फेंकून चालतो, किंवा आंतल्या कडेवर भार देतो. मोटारीचा टायर ही मोटारीची वहाणच होय. तीहि अशीच निरखून पाहावयास शिकलें पाहिजे. आणि जी मोटार हौसेनें खालीं उतरविलेली आहे, तिच्या बाबतींत तर ही विद्या घरांतील प्रत्येकास अवगत असणें अगत्याचें आहे.

मोटार खालीं उतरविणें म्हणजे कारखान्यानें घातलेल्या स्प्रिंगा काढून त्यांच्या जागीं आंखूड स्प्रिंगा बसविणें, आणि गाडीचा सांगाडा दोन-चार बोटें जमिनीच्या जवळ आणणें. ही हौस आजची नव्हे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळांत अमेरिकेंतील लॉस एंजेलिस शहरीं मेक्सिकन वंशाच्या तरुणांनीं जुन्या मोटारी घेऊन, मागल्या पेटींत वाळूच्या गोण्या ठेवून किंवा स्प्रिंगा कापून, त्या खालीं आणल्या. हा प्रकार इतका वाढला कीं, गाडीचा कोणताहि भाग चाकाच्या रिमेहून खालीं येतां कामा नये, असा निर्बंध कॅलिफोर्निया राज्यानें घातला. तो निर्बंध २०२४ च्या प्रारंभीं उठला. शर्यतीच्या मोटारी रचणारेहि गाडी खालींच ठेवतात. कारण गुरुत्वमध्य खालीं आला म्हणजे वळणावर गाडी कमी कलते. तेव्हां तरुणांच्या या हौसेला पोरकटपणा म्हणून हंसण्यांत अर्थ नाहीं. अडचण निराळीच आहे. उंची कमी केली कीं केवळ उंचीच बदलत नाहीं. चाकांचे कोनहि बदलतात, आणि ते बदलल्याचें डोळ्यांस दिसत नाहीं.

पुढचें चाक तीन कोनांच्या आधारानें चालतें. समोरून पाहिलें असतां चाकाचें डोकें आंत किंवा बाहेर किती झुकलें आहे, तो कॅम्बर. डोकें आंत झुकलेलें असल्यास त्यास ऋण कॅम्बर म्हणतात. वरून पाहिलें असतां दोन्ही चाकांचीं नाकें एकमेकांकडे वळलेलीं असलीं तर टो-इन, आणि एकमेकांपासून दूर वळलेलीं असलीं तर टो-आउट. तिसरा कोन कॅस्टर. ज्या रेषेभोंवतीं चाक डावें-उजवें वळतें, ती रेषा मागें किती कलली आहे हें तो सांगतो. सायकलीच्या पुढच्या चिमट्यास जो तिरपेपणा असतो, त्याच जातीचा हा. कॅस्टरमुळें वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येतें. झिजेशीं त्याचा संबंध थोडा. टायर खातात ते पहिले दोन.

उंची बदलली असतां हे कोन कां बदलावेत? बहुतेक लहान मोटारींच्या पुढच्या चाकांची रचना अर्ल मॅक्फर्सन या अमेरिकन इंजिनियराच्या नांवानें ओळखली जाते. १९५० सालच्या फोर्ड कॉन्सल मोटारीनें ती लोकांपुढें आणली. तींत वरच्या बाजूस स्प्रिंगेसह एक उभा खांब असतो, आणि खालीं एक आडवा लोखंडी हात. या हाताचें एक टोक सांगाड्याला जखडलेलें असल्यामुळें दुसरें टोक वरखालीं होतांना कंपासाच्या पेन्सिलीप्रमाणें वर्तुळाचा एक तुकडा काढतें. चाक वळविणारा टाय रॉडहि असाच आपला एक तुकडा काढतो. मूळ उंचीच्या आसपास या दोन तुकड्यांचा मेळ राहावा, अशी योजना कारखान्यानें केलेली असते. गाडी खालीं आली कीं दोन्ही हात आपापल्या वर्तुळाच्या निराळ्याच भागांत जाऊन बसतात. मग चाकाचें डोकें बहुधा आंत झुकतें, आणि त्याच वेळीं त्याच्या नाकाचा रोखहि सरकतो. कोणी एक नटसुद्धां फिरविलेला नसतो. तरी सर्व माप चुकलेलें असतें.

खालीं उतरविलेल्या गाडीच्या टायरची आंतली कड झिजते ती कॅम्बरमुळें, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. शाळेंतल्या त्रैराशिकानें हें पडताळून पाहतां येतें. चाकाचा व्यास ६०० मिलिमीटर धरावा, आणि चाकाचा पुढचा कांठ मागच्या कांठापेक्षां ३ मिलिमीटर बाहेर गेला आहे असें समजावें. म्हणजे दोनशांत एक हें प्रमाण झालें. अशा चाकास २०० मीटर पुढें जातांना १ मीटर आडवें ओढलें जावें लागतें. किलोमीटरला ५ मीटर, आणि दहा हजार किलोमीटरांत ५० किलोमीटर! रबर लवचिक असल्यामुळें यांतला कांहीं भाग तें आपल्या अंगावर झेलतें, हें खरें. पण उरलेला भाग म्हणजे रस्त्यावर निव्वळ घासणेंच.

सहाणेवर चंदनाचें खोड नुसतें दाबून धरलें तर तें फारसें झिजत नाहीं. दाबून फिरविलें म्हणजे गंध उतरतें. कॅम्बर हा दाबणारा हात आहे आणि टो हा फिरविणारा. ऋण कॅम्बरनें भार आंतल्या कडेवर आणावा, आणि टो-आउटनें तीच कड घासावी, असा दुहेरी योग आला म्हणजे नवा टायर कांहीं थोड्या महिन्यांत निकामी होतो. म्हणूनच ज्याच्या हातून कॅम्बर पुरता सुधारत नाहीं, त्यानेंहि टो तरी बिनचूक करून घेतलाच पाहिजे.

या झिजेंतला धोका असा कीं ती लपून राहते. मुलानें गाडी खालीं बसविली आहे, आणि पावसाळ्यांत सारें कुटुंब मुंबईहून पुण्यास निघालें आहे, अशी कल्पना करावी. निघण्यापूर्वीं वडील खालीं वांकून टायर पाहतात. बाहेरच्या बाजूस नक्षीच्या खांचा चांगल्या खोल दिसतात, आणि त्यांचें समाधान होतें. परंतु मडगार्डाच्या अंधारांत असलेली आंतली कड गोटा झालेली असते. कदाचित् रबराखालचे धागेहि उघडे पडलेले असतात. नव्या टायरच्या खांचा सुमारें ८ मिलिमीटर खोल असतात, आणि मोटारीस १.६ मिलिमीटरांहून कमी खोलीचा टायर वापरणें नियमास धरून नाहीं. या खांचा शोभेसाठीं नसतात. चाकाखालचें पाणी बाहेर काढणें हें त्यांचें काम. जेथें खांच नाहीं तेथें वेगांत असलेलें चाक पाण्याच्या थरावर तरंगूं लागतें. मग ब्रेक आणि स्टिअरिंग ही दोन्ही असून नसल्यासारखीं होतात. मुलाची हौस आणि वडिलांचा विश्वास या दोहोंची किंमत त्या एका क्षणीं सर्वांना मोजावी लागते.

तपासणी मात्र कठीण नाहीं. गाडी उभी करून स्टिअरिंग एका बाजूस पुरतें फिरवावें, म्हणजे पुढच्या चाकाची आंतली कड उजेडांत येते. मग दुसऱ्या बाजूस फिरवून दुसरें चाक पाहावें. नंतर टायरवरून तळहात आडवा फिरवावा, पण हलक्या हातानें, कारण उघड्या तारा बोचतात. एका दिशेनें गुळगुळीत आणि उलट दिशेनें करवतीच्या दांतांसारखें लागलें, तर दोष टोचा. एकच कड सपाट, गुळगुळीत झिजली असेल, तर दोष कॅम्बरचा. दोन्ही कडा झिजून मध्य शाबूत असेल, तर हवा कमी. मध्य झिजून कडा शाबूत असतील, तर हवा अधिक. जागोजाग खड्डे पडले असतील, तर बहुधा शॉकअब्सॉर्बर थकले आहेत. आंखूड स्प्रिंगांबरोबर जुनेच शॉकअब्सॉर्बर ठेवणाऱ्यास हा अनुभव लवकर येतो.

उपायास क्रम आहे. नव्या स्प्रिंगा कांहींशे किलोमीटर चालून जागच्या जागीं बसूं द्याव्या. मग व्हील अलाइनमेंट करावें. आधीं हवा आणि सांध्यांतील ढिलेपणा पाहावा. मग मागचीं चाकें, मग पुढचा कॅम्बर, आणि सर्वांच्या शेवटीं टो. कारण कॅम्बर हलविला कीं टो पुनः हलतो. पुष्कळ लहान गाड्यांत पुढचा टो तेवढा जागेवर फिरवितां येतो. कॅम्बरसाठीं निराळे बोल्ट बसवावे लागतात. तेव्हां “सर्व बरोबर केलें” या मिस्त्रीच्या तोंडी शब्दावर न थांबतां, पूर्वींचीं आणि नंतरचीं मापें लिहिलेला कागद मागून घ्यावा. आंकडे अंशांत आणि कलांत असतात. साठ कला म्हणजे एक अंश, इतकें ठाऊक असलें म्हणजे तो कागद कोणासहि वाचतां येतो.

आणखी एक गोष्ट. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें, नोंदणीपत्रांतील तपशील कारखान्याच्या मूळ तपशिलाशीं विसंगत होईल असा फेरफार मालकास करतां येत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानेंहि २०१९ सालीं हेंच स्पष्ट केलें. म्हणून स्प्रिंगांना हात लावण्यापूर्वीं परिवहन कार्यालयांत विचारून घेणें शहाणपणाचें.

हौस वाईट नाहीं; मात्र हौशी माणसानें हिशेब विसरूं नये. ज्यानें गाडी दोन बोटें खालीं आणली, त्यानें महिन्यांतून एकदां स्वतःहि तिच्यापुढें तितकें खालीं वांकून आंतली कड पाहावी. बाहेरची कड शेजाऱ्यांना दिसते. घरच्या माणसांचा जीव आंतल्या कडेवर अवलंबून असतो.