‘अ‍ॅप्रिशिएट’ या क्रियापदाविषयी



इंग्रजीतले एक क्रियापद आपल्याकडे फार स्वस्त झाले आहे. समारंभाचा पाहुणा ‘आय अ‍ॅप्रिशिएट’ म्हणतो आणि टाळ्या पडतात. अ‍ॅप्रिशिएट म्हणजे वाखाणणे, असा आपला समज होऊन बसला आहे.

मूळ पाहू गेल्यास लॅटिनमधला ‘प्रेटियम’ हा शब्द सापडतो. त्याचा अर्थ किंमत, मोल. ‘प्राइस’ आणि ‘प्रेशस’ त्याच्याच कुळातले. गंमत अशी की स्तुतीवाचक ‘प्रेज’ही तिथलाच, मोल करणे हाच त्याचा जुना अर्थ, पुढे तो स्तुतीकडे कलंडला. ‘अ‍ॅप्रेज’ मात्र जागचा हलला नाही. सराफ दागिना अ‍ॅप्रेज करतो आणि रुपयांत आकडा सांगतो. अ‍ॅप्रिशिएट करणारा आकडा सांगेलच असे नाही. त्याला मोल उमगलेले असते एवढे खरे.

हे उमगणे पाहावयाचे तर सीताफळांच्या दिवसांत आमच्या धारूरला यावे. बालाघाटच्या डोंगरात हे फळ उदंड. २०१६ साली बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकनही मिळाले. पाटी घेऊन बसलेली बाई फळ हातात घेते, खवल्यांमधल्या रेघा फाकून पिवळसर झाल्यात का ते बघते आणि सांगते, ‘हे उद्या खा, ते परवा.’ कोणत्या झाडाला गर कमी नि बियाच फार, हेही तिला ठाऊक असते. तिने फळ अ‍ॅप्रिशिएट केले असे मी खुशाल म्हणेन. आपला ‘पारख’ हा शब्द इथे नेमका बसतो.

अर्थ चुकला तर कधी कधी महागात पडते. आमच्याकडच्या एका शेतकऱ्याला भरपाईच्या अर्जावर इंग्रजीत उत्तर आले: ‘वुई अ‍ॅप्रिशिएट युवर डिफिकल्टी, बट...’ कॉलेजात जाणाऱ्या मुलाने बापाला सांगितले, ‘आण्णा, साहेबांनी कौतुक केलंय, काम झालं.’ वास्तविक तिथे अर्थ होता, ‘तुमची अडचण आम्ही जाणतो, परंतु...’ आणि त्या परंतुपुढे नकार होता. फेरअर्जाची मुदत त्या आनंदात निघून गेली. पत्र माझ्याकडे आले ते त्यानंतर.

लिहिणाऱ्यांसाठी एक बारीक गोष्ट. ‘आय वुड अ‍ॅप्रिशिएट इफ’ असे आपल्या अर्जांत सर्रास असते. मध्ये ‘इट’ हवा. या क्रियापदाला कर्म लागते. जमीन ‘अ‍ॅप्रिशिएट’ होते, म्हणजे तिचा भाव चढतो, तेवढ्या अर्थी मात्र ते कर्मावाचून चालते.

आता आमच्या धंद्यातले. कवितेचे ‘अ‍ॅप्रिशिएशन’ म्हणजे रसग्रहण, हा पर्याय ज्याने रूढ केला त्याचे उपकारच. पण परीक्षेत रसग्रहण मागितले की मुले ‘अत्यंत सुंदर’, ‘हृदयस्पर्शी’ अशी विशेषणे ओततात. कोणता शब्द नेमका पडला, लय कुठे अडखळली, याची वार्ता नाही. दोष दाखवला तर गुण जातील ही धास्ती, आणि ती आम्ही मास्तरांनीच घातलेली. एकदा एका मुलीने लिहिले, शेवटचे कडवे नसते तर कविता बरी झाली असती. आणि कारणही दिले. मी तिला सहापैकी साडेपाच दिले. अर्धा गुण शुद्धलेखनाचा गेला.