अर्जातील विशेषणे आणि हातचे काम

(विद्यार्थी-पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



२०२३ साली आपल्या राज्यात तलाठ्यांच्या ४,६४४ पदांसाठी जाहिरात निघाली आणि दहा लाखांहून अधिक अर्ज आले. म्हणजे एका जागेमागे दोनशेहून अधिक उमेदवार! निवड न झालेले हे सारे नालायक होते काय? मुळीच नाही. जागाच तेवढ्या होत्या. घरी बसलेल्या मुलाला ‘तुझ्यातच काही कमी आहे’ असे ऐकविण्यापूर्वी पालकांनी हे गणित एकदा मांडून पाहावे, अशी माझी विनंती आहे.

सरकारी भरतीत परीक्षेचे गुण बोलतात. खासगी उद्योगात मात्र प्रथम अर्ज बोलतो. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत अनेक वर्षे असे अर्ज वाचण्याचे काम माझ्याकडे होते. गठ्ठ्यातील बहुतेक अर्ज ‘मी मेहनती, प्रामाणिक व जिद्दी आहे’ असेच सांगत. आता तर संगणकाकडून अर्ज लिहून घेण्याची सोय झाली आहे. त्यामुळे भाषा सफाईदार झाली. पण सर्वांची सफाई एकसारखीच! विशेषण कोणीही लावू शकतो. केलेले काम मात्र ज्याचे त्यालाच सांगता येते.

एक उदाहरण देतो. गुणवत्ता तपासनीसाच्या एका जागेसाठी आलेल्या अर्जांत एका पदविकाधारकाने चारच ओळी वेगळ्या लिहिल्या होत्या. शिकाऊ उमेदवारी करीत असताना त्याच्या विभागात लेथवर उतरलेले शाफ्ट सायंकाळी मापात बसत, पण दुसऱ्या दिवशी कमी भरत. त्याने दोन आठवडे वहीत नोंदी ठेवल्या. माप घेताना शाफ्ट गरम असतात, हे त्याच्या ध्यानात आले. १०० मिलिमीटर व्यासाचा पोलादी शाफ्ट २० अंशांनी अधिक तापलेला असेल, तर तो सुमारे दोन शतांश मिलिमीटरने फुगतो. थंड झाला की तेवढाच आकसतो. अचूक कामात एवढ्या फरकाने माल बाद होतो. शाफ्ट निवल्यावरच मोजावेत, असे त्याने आपल्या वरिष्ठांना सुचविले होते. त्या अर्जात ‘निरीक्षणशक्ती’ हा शब्द कोठेही नव्हता. आम्ही त्याला बोलाविले आणि मुलाखतीस येताना ती वही घेऊन येण्यास सांगितले. त्याची निवड झाली.

आता दुसरी बाजू. एका तरुणाने तीन वर्षे स्पर्धा परीक्षेची तयारी केली होती. ती वर्षे लपविण्यासाठी त्याने अर्जात खोटा अनुभव लिहिला. यंत्रासंबंधीच्या दुसऱ्याच प्रश्नाला तो अडखळला आणि मान खाली घालून बसला. त्याची बुद्धी उत्तम होती, हे आम्हा सर्वांना दिसत होते. ‘तीन वर्षे अभ्यास केला, यश आले नाही, आता या क्षेत्रात यायचे आहे’ असे त्याने सरळ लिहिले असते, तर मी त्याच्या बाजूने बोललो असतो. त्याला परत पाठविल्याची खंत आजही माझ्या मनात आहे. अपयशाची लाज त्याला कोणी शिकविली, हा प्रश्न त्याच्यापेक्षा आपणा वडीलधाऱ्यांनी स्वतःला विचारावयाचा आहे.

मग करावे काय? जाहिरात दोनदा वाचावी आणि त्या जागेला नेमके कोणते काम हवे आहे ते ओळखावे. पन्नास ठिकाणी एकच अर्ज धाडण्यापेक्षा पाच ठिकाणी पाच निराळे अर्ज पाठवावेत. अनेक मोठ्या आस्थापनांत अर्जांची पहिली चाळणी संगणक करतो. म्हणून जाहिरातीतील जे कौशल्य खरोखर अवगत आहे, ते त्याच शब्दांत लिहावे. आपण केलेले एक काम, त्यातील अडचण, आपला उपाय आणि त्याचा परिणाम चार ओळींत मांडावा.

‘अनुभवच नाही, तर लिहू काय?’ असे कोणी विचारील. शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१ पासून आहे. २०१६ पासून तिच्या प्रोत्साहनाची केंद्रीय योजनाही आहे. त्यात विद्यावेतन मिळते. ते थोडे असते म्हणून ती संधी दवडू नका. वडिलांच्या दुकानाचा हिशेब संगणकावर आणला असेल, तर तोही अनुभवच आहे. मात्र रोजच्या कामाची वही ठेवा.

मित्रहो, गर्दीत उठून दिसण्यासाठी आवाज चढवावा लागत नाही. ‘हे काम मी केले आहे’ असे खरेपणाने सांगता आले पाहिजे. आज घरी गेल्यावर कोरी वही काढा आणि पहिल्या पानावर आजची तारीख घाला, एवढेच सांगून मी आपली रजा घेतो.