इंग्रजी कोशांतील देवळाली

इंग्रजींतील अनोळखी शब्द जमविण्याची हौस आपल्याकडील शिकलेल्या घरांतून फार जुनी आहे. तर्खडकरांच्या भाषांतर-पाठमाला गिरवून झाल्या, कीं होतकरू विद्यार्थी कोश उघडी, रोज दहा शब्द पाठ करी आणि महिना संपेपर्यंत त्यांतले नऊ विसरून जाई. उरलेला दहावा तो एखाद्या अर्जांत असा बसवी, कीं वाचणाराला हसूं आवरत नसे. आजचे विद्यार्थी जाडजूड कोश हातांत धरीत नाहींत, एवढाच काय तो फरक. शब्दांच्या याद्या घोकण्याची खोड तीच आहे. दोष स्मरणशक्तीचा नसतो. शब्दाचें गांव कोणतें, तो कोणाच्या तोंडीं वाढला आणि कोणापुढें बोलावयाचा, हें ठाऊक नसलें म्हणजे तो मनांत बिऱ्हाड करीत नाहीं.

नाशिककरांना याचें उदाहरण शोधण्यासाठीं लांब जावयास नको. नाशिकरोडहून मुंबईकडे निघालेल्या आगगाडीला पहिलें स्टेशन लागतें तें देवळालीचें. त्या गांवाचें नांव 'डूलॅली' असें रूप घेऊन इंग्रजी कोशांत जाऊन बसलें आहे. आणि तेथें त्याचा अर्थ गांव असा नव्हे, तर डोकें फिरलेला, भ्रमिष्ट, असा आहे. आपल्या शेजारचें स्टेशन विलायतेंत वेडाचें विशेषण झालें, हें ऐकून कोणास राग येईल, कोणास मौज वाटेल. परंतु त्यामागची हकीकत मौजेची नाहीं.

१८६० नंतर थोड्याच वर्षांत गोऱ्या फौजेची छावणी देवळालीस पडली. १८६५ सालीं थळघाट चढून लोहमार्ग इगतपुरीस पोंचला आणि मुंबई बंदराचा वरच्या पठाराशीं संबंध जुळला. विलायतेहून नव्यानें आलेल्या पलटणी देवळालीस हवेला सरावत, आणि नोकरीची मुदत संपलेले शिपाई परतीच्या जहाजाची वाट पाहत तेथेंच थांबत. पण फौजेचीं जहाजें बारमाही नसत. तीं थंडीच्या हंगामांतच सुटत. ज्याची मुदत हंगामाच्या अखेरीस भरली आणि ज्याचें जहाज हुकलें, त्याला सारा उन्हाळा आणि सारा पावसाळा छावणींत काढावा लागे. करावयास धड काम नाहीं, घरीं जाण्याचा दिवस ठरलेला नाहीं, आणि डोक्यावर वैशाखाचें ऊन. फ्रँक रिचर्ड्स नांवाच्या ब्रिटिश शिपायानें हिंदुस्थानांतील आपल्या आठवणी १९३६ सालीं प्रसिद्ध केल्या, त्यांत या दिवसांविषयीं लिहिलें आहे. वर्षानुवर्षें चांगल्या वर्तणुकीनें राहिलेलीं माणसें तेथें येऊन बिघडत, तुरुंगांत जात. कोणी कोणी आत्महत्याही करीत. या अवस्थेला त्यांच्या सोबत्यांनीं नांव दिलें 'डूलॅली टॅप'. यांतील 'टॅप' म्हणजे पाण्याचा नळ नव्हे, कीं दारावरची टकटकही नव्हे; तो आपला ताप आहे. देवळालीचा ताप! पुढें ताप गळून पडला आणि गांव तेवढें राहिलें. गोरी फौज गेली. आज देवळालीस भारतीय सैन्याच्या तोफखान्याचें विद्यालय आहे.

एवढा इतिहास ज्याला ठाऊक आहे, त्याला शब्द कसा वापरावा हें निराळें शिकवावें लागत नाहीं. तो बराकींत जन्मलेला आहे. मित्रांच्या गप्पांत, थोड्या थट्टेनें, 'अमका अगदीं डूलॅली झाला' म्हटलेलें खपून जाईल. वरिष्ठांना लिहावयाच्या पत्रांत तो चालणार नाहीं. आणि ज्या घरीं खरोखरीचें मनाचें दुखणें आहे, तेथें तो उच्चारणें निर्दयपणाचें होईल. कोशकार त्याच्यापुढें 'बोलण्यांतील शब्द' अशी एखादी खूण करून मोकळा होतो. शिपायांच्या त्या कंठलेल्या महिन्यांची खूण मात्र ज्याची त्यानेंच मनांत करावयाची असते.

त्याच बराकींतून इंग्रजींत शिरलेले आणखी शब्द आहेत. 'ब्लायटी' म्हणजे शिपायाचा मायदेश. मूळ शब्द आपला 'विलायती'. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धांत, ज्या जखमेमुळें शिपायाची घरीं रवानगी होई, त्या जखमेलाच 'ब्लायटी' म्हणूं लागले. जखमेची आशा धरावी अशी वेळ ज्यांच्यावर आली, त्यांचा हा शब्द. सुखाच्या, बिनकष्टाच्या कामाला 'कुशी' म्हणतात, तो 'खुशी'पासून आला. आणि 'डेको' म्हणजे एक नजर टाकणें, तें तर सरळ सरळ 'देखो'. यादींतले चाळीस शब्द आठवड्यांत उडून जातात, पण हे चार एकमेकांचा हात धरून येतात, आणि एक आठवला कीं बाकीचे मागोमाग हजर होतात.

याहून सोज्वळ असा आपल्या भाषेनें इंग्रजीला दिलेला शब्द म्हणजे 'मंगूस'. तो आपल्या मुंगसाचाच. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांत पश्चिम किनाऱ्यावर वावरणाऱ्या इंग्रजांनीं तो उचलला. इंग्रजींत 'गूस' या पक्ष्याचें अनेकवचन 'गीज' होतें. त्यामुळें दोन मुंगसें दिसलीं कीं 'मंगीज' म्हणण्याचा मोह चांगल्या चांगल्यांना होतो. मराठी मुलाला तो होण्याचें कारण नाहीं. त्या प्राण्याचा त्या पक्ष्याशीं कांहींएक संबंध नाहीं, हें त्याला घरबसल्या ठाऊक आहे. अनेकवचन 'मंगूसेस' असेंच करावयाचें.