गाडी विकणारा माणूस: राहुल बजाज यांची आठवण

नागपुरातून बोलतोय. कानात इअरफोन घालून ऐकत असाल तर आवाज जरा बेतानं ठेवा, आणि गाडीवर असाल तर आधी गाडी बाजूला लावा, मग ऐका. कारण आजचा विषयच गाडीचा आहे. म्हणजे गाडी विकणाऱ्या माणसाचा.

एखादा नट गेला, गायक गेला की आपण स्टेटस ठेवतो. पण गाडी विकणारा माणूस गेला म्हणून लोकांनी घरातले जुने अल्बम उघडले, स्कूटरवर बसलेल्या आई-बाबांचे फोटो शोधले आणि टाकले, असं कधी पाहिलंय? 12 फेब्रुवारी 2022 ला हे झालं. त्या दिवशी पुण्यात राहुल बजाज गेले. वय 83. महाराष्ट्र सरकारने शासकीय इतमामात निरोप दिला. माझ्या फोनवर मात्र त्या दिवशी भाषणं कमी आणि स्कूटरी जास्त दिसत होत्या. निळी चेतक, हिरवी चेतक, पुढे उभा पोरगा, मागे साडी सावरून बसलेली आई.

तुम्ही म्हणाल, ते तर कारखानदार, त्यांना विक्रेता का म्हणतोस? त्याचं कारण आपल्या विदर्भातच आहे.

वर्धा इथून पाऊण-एकशे किलोमीटर. तिथे बच्छराज बजाज नावाचे व्यापारी होते. त्यांच्या घराण्यात राजस्थानातला एक मुलगा दत्तक आला, तो म्हणजे जमनालाल. गांधीजी ज्यांना आपला पाचवा मुलगा मानायचे, ते जमनालाल बजाज. 1928 साली वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर त्यांनी दलितांसाठी खुलं केलं. राहुल बजाज त्यांचे नातू. वडील कमलनयन बजाज हे वर्ध्याचे खासदार होते. जमनालाल गेले 11 फेब्रुवारी 1942 ला, आणि बरोबर ऐंशी वर्षं आणि एक दिवसानं नातू गेला.

1945 साली या घराण्यानं एक कंपनी काढली, तिचं नाव बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन. वर्ध्याच्या त्याच बच्छराजांचं नाव. कंपनी काही बनवत नव्हती. 1948 पासून ती परदेशातून दुचाकी आणि तीनचाकी गाड्या आणून विकायची, बस. म्हणजे आजची बजाज ऑटो सुरुवातीला एक डीलरच होती! गाड्या बनवायचा परवाना मिळाला 1959 मध्ये, आणि मग इटलीच्या पियाजिओ कंपनीशी करार करून व्हेस्पा इथे बनू लागली. राहुल बजाज हार्वर्डमधून 1964 साली एमबीए होऊन आले आणि 1968 साली, तिशीत, कंपनीचे प्रमुख झाले. राहायला कुठे? मुंबईच्या मलबार हिलवर नाही, तर आकुर्डीला, कारखान्याच्याच आवारात.

1971 मध्ये पियाजिओचा करार संपला, तो पुन्हा झाला नाही. व्हेस्पा हे नाव गेलं. मग 1972 साली आपल्या नावाची स्कूटर आली, महाराणा प्रतापांच्या घोड्याच्या नावाची. चेतक.

आता ज्यांनी चेतक पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. गिअर डाव्या हातात, मूठ फिरवून टाकायचा. पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मिसळून घ्यायचं. किक मारून सुरू नाही झाली तर एका अंगावर तिरपी करायची, पेट्रोल कार्बोरेटरकडे जाऊ द्यायचं, उभी करायची आणि परत किक. तुमच्या बाबांना विचारा, हाताने करून दाखवतील.

पण खरी गंमत, म्हणजे खरं दुखणं, गाडी मिळण्यात होतं. आज आपण शोरूममध्ये जातो, आधार कार्ड देतो, ईएमआय बसवतो आणि संध्याकाळी टेकडीच्या गणपतीला नवीन गाडीची पूजा. तेव्हा कोणत्या कंपनीनं किती गाड्या बनवायच्या हे सरकार ठरवायचं. स्कूटरच्या वाटपासाठी 1960 साली वेगळा नियंत्रण आदेश होता. डीलरनं नोंदवही ठेवायची, नंबराप्रमाणेच गाडी द्यायची. आणि नंबर कधी लागायचा? चेतकसाठी काही ठिकाणी दहा-दहा वर्षं! परकीय चलनात पैसे भरले तर लवकर मिळायची, म्हणून दुबईच्या मामाला पत्रं जायची. नंबर लागलेला माणूस शोरूमच्या बाहेरच गाडी चढ्या भावानं विकून मोकळा व्हायचा. आणि एक वाईट गोष्टही सांगितली पाहिजे. ही स्कूटर हुंड्यात मागितली जायची. आपल्या आठवणींच्या फोटोतल्या काही चेतक अशाही आल्यात.

अशा काळात डीलर म्हणजे काय असेल, विचार करा. त्याच्या वहीतली एक ओळ वर-खाली झाली की कुणाचं तरी वर्ष जातं. आमच्या घरच्या चेतकची गोष्ट माझ्या जन्माआधीची, त्यामुळे ऐकीव आहे. बाबा शाळेत मास्तर. ज्या काकांकडे त्यांनी नंबर लावला होता, ते सरळ म्हणाले होते, "मास्तर, नंबर लय मांगं हाय तुमचा. उद्या भेटन, परवा भेटन, असं मी म्हननार नाई." बाबा सांगतात, मध्ये कुणी तरी काकांना पैसे देऊन पुढचा नंबर मागितला होता. काकांनी वही त्याच्यासमोर उघडून ठेवली आणि म्हणाले, यातलं कोनतं नाव खोडू, तूच सांग. गाडी आली तेव्हा तासभर बसवून प्लग काढायचा कसा, साफ करायचा कसा, पेट्रोल रिझर्व्हवर कधी घ्यायचं, सगळं शिकवलं.

ते काका गेले तेव्हा मी कॉलेजात होतो. अंबाझरी घाटावर बाबांसोबत गेलो. मला वाटलं होतं, धंदेवाला माणूस, दहा-वीस व्यापारी असतील. होते कोण? मेकॅनिक होते, ग्रीसचे हात तसेच घेऊन आलेले. पंक्चरवाले होते. आरटीओच्या दारात फॉर्म भरून देणारे होते. आणि माझ्या बाबांसारखे कितीतरी मास्तर, पोस्टमन, बँकेतले क्लार्क. त्यातल्या एकानं दुसऱ्याला विचारलं, "तुमचा नंबर कोणता होता?" आणि दुसऱ्यानं पटकन आकडा सांगितला. इतक्या वर्षांनी!

म्हणून 2022 मध्ये राहुल बजाज गेले तेव्हा मला आकुर्डीच्या आधी ती वही आठवली. कारण त्या वहीच्या दुसऱ्या टोकाला ते बसले होते. लोक दहा वर्षं थांबायला तयार असतील तर धंदेवाल्याला काय त्रास? माल कसाही बनवा, विकणारच. किंमत वाढवा, घेणारच. राहुल बजाज मुलाखतींत एक किस्सा सांगायचे. परवानगीपेक्षा जास्त गाड्या बनवल्या तर शिक्षा होऊ शकते, असं त्यांना सांगण्यात आलं. त्यांचं म्हणणं होतं, माझे आजोबा देशासाठी तुरुंगात गेले, लोकांना हवी ती वस्तू जास्त बनवली म्हणून मीही जायला तयार आहे. ज्याच्या दारात रांग लागली आहे तोच म्हणतोय की ही रांग कमी होऊ द्या. मला ही गोष्ट मोठी वाटते.

पण मंडळी, आठवण म्हणजे आरती नाही. दुसरी बाजूही आहे. त्या रांगेचा फायदा बजाजला झालाच. स्पर्धक मोजके, गिऱ्हाईक अमाप. 1985 मध्ये हिरो होंडाची सीडी 100 आली, कमी पेट्रोलात जास्त पळणारी. बजाजनं 1989 साली 'हमारा बजाज'ची जाहिरात केली, ती लोकांच्या तोंडी बसली. पण घराघरातली पोरं मोटरसायकल मागायला लागली होती. 1991 मध्ये बाजार खुला झाला. 1993 मध्ये काही उद्योगपतींनी मिळून, परदेशी कंपन्यांशी लढायला आम्हाला आधी बरोबरीचं मैदान द्या, अशी मागणी केली. या गटाला 'बॉम्बे क्लब' म्हणत, आणि त्यातला सगळ्यात मोठा आवाज राहुल बजाज यांचा. त्यावर टीका झाली, की इतकी वर्षं स्पर्धा नव्हती, आता आली तर घाबरता कशाला? टीका अगदीच चुकीची नव्हती, असं मला वाटतं.

पण टीका झाल्यावर माणूस काय करतो ते बघायचं. कंपनी मोटरसायकलकडे वळली. मुलगा राजीव यांच्या हातात काम गेलं आणि 2001 साली पल्सर आली. तुमच्यापैकी कित्येकांनी पहिला गिअर पल्सरवरच टाकला असेल. 2009 मध्ये राजीव यांनी स्कूटर पूर्ण बंद करायचं ठरवलं. राहुल बजाज यांना वाईट वाटलं आणि त्यांनी ते लपवलं नाही, सगळ्यांसमोर बोलून दाखवलं. पण निर्णय मुलाचा होता, तो तसाच राहू दिला. आपल्याकडे दुकान मुलाला देऊनही गल्ल्याची किल्ली कमरेला ठेवणारे काही कमी नाहीत. तुमच्या घरी धंदा असेल तर मी काय म्हणतोय ते तुम्हाला कळलं असेल.

आणखी एक दिवस आठवतो. 30 नोव्हेंबर 2019, मुंबईत एका वृत्तपत्राच्या पुरस्कारांचा कार्यक्रम. समोर गृहमंत्री अमित शहा, निर्मला सीतारामन, पियूष गोयल. खाली बसलेले राहुल बजाज उभे राहिले आणि म्हणाले की आज उद्योगपतींना सरकारवर उघड टीका करायची भीती वाटते. अमित शहांनी उत्तर दिलं की घाबरायचं काही कारण नाही. कुणाचं बरोबर, हे तुम्ही आपापलं ठरवा, इथे राजकारण करायचं नाही. मला एवढंच दिसतं, की एक्क्याऐंशी वर्षांचा माणूस, ज्याचा धंदा सरकारच्या नियमांवर चालतो, तो बंद खोलीत कुजबुजला नाही. जे वाटलं ते तोंडावर बोलला. नंबर मागं हाय, हे मास्तरांना तोंडावर सांगणारे काका आणि हे, दोघांची जात एकच. गोड बोलून वेळ मारून न्यायची नाही.

आज गाडी घ्यायला पर्याय इतके आहेत की डोकं चक्रावतं. इलेक्ट्रिक स्कूटरच्या नव्या नव्या कंपन्या आहेत. ॲपवर बुकिंग, घरी डिलिव्हरी, कधी कधी तर विकणाऱ्याचा चेहरासुद्धा दिसत नाही. सोयीचं आहे, मीही वापरतो. पण मे महिन्यात, 45 डिग्रीत, गाडी बंद पडते तेव्हा आपण काय शोधतो? उचलणारा फोन शोधतो. "भाऊ, आज नाई होनार, पार्ट उद्या येते," असं खरं सांगणारा माणूस शोधतो. खोटं आश्वासन देणारा चॅटचा मेसेज नको असतो. रांग संपली ते फार चांगलं झालं, ती परत यायला नको. पण रांगेच्या काळात ज्या मोजक्या लोकांनी वही स्वच्छ ठेवली, त्यांच्याकडून शिकण्यासारखं अजून आहे. विशेषतः तुमच्यातले जे शोरूममध्ये, गॅरेजमध्ये, सेल्समध्ये काम करतात त्यांच्यासाठी. टार्गेटचा ताण असतो, मला माहीत आहे. तरी गिऱ्हाईक तुमचं नाव कशासाठी लक्षात ठेवतं, डिस्काउंटसाठी की तुम्ही खरं बोललात म्हणून, हे एकदा तपासून बघा.

चेतक परत आली, हे तर तुम्हाला माहीतच आहे. 2020 च्या सुरुवातीला, विजेवर चालणारी. आणि राहुल बजाज गेल्यावर चार महिन्यांनी, त्यांच्या जन्मदिवशी, 10 जून 2022 ला, त्याच आकुर्डीत इलेक्ट्रिक गाड्यांचा नवा कारखाना सुरू झाला. तिला तिरपी करावं लागत नाही, टू-टी ऑइलही नको.

तर या आठवड्याचं काम. घरी विचारा: आपल्या घरची पहिली गाडी कोणती, ती कुणाकडून घेतली, आणि तो माणूस आता कुठे आहे? असेल तर फोन करा, नसेल तर त्याच्या दुकानात आता जो बसतो त्याला सांगा की आम्हाला आठवण आहे. आणि जे उत्तर मिळेल ते व्हॉइस नोट करून मला पाठवा, पुढच्या एखाद्या भागात ऐकवू. हेल्मेट घाला बे, नागपूरकर असलात तरी! भेटू पुढच्या भागात. नमस्कार.