दूषित मातीचा राखणदार कोण?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



पाडलेल्या इमारतींचा राडारोडा आणि कारखान्यांनी नासवलेली माती यांपासून विटा, खडी व रस्त्यांचा भराव तयार करावा, या कल्पनेला तत्त्वतः विरोध करण्याचे समाजवाद्यांना काही कारण नाही. नवा डोंगर फोडावा लागत नाही, नदीची वाळू उपसावी लागत नाही, यात समाजाचे हितच आहे. प्रश्न उद्भवतो तो त्या मातीत विष असते तेव्हा.

अशा मातीचा एक प्रचंड हिशेब आज जपानात चालू आहे. ११ मार्च २०११ च्या भूकंपानंतर फुकुशिमाच्या अणुवीजकेंद्रातून बाहेर पडलेले किरणोत्सर्गी सीझियम शेतांवर, अंगणांत, शाळांच्या मैदानांवर बसले. सरकारने जमिनीचा वरचा थर खरवडून काढला. ती सुमारे १ कोटी ४० लाख घनमीटर माती ओकुमा आणि फुताबा या दोन गावांच्या सोळाशे हेक्टर जमिनीवर साठविलेली आहे आणि मार्च २०४५ पर्यंत तिची फुकुशिमा प्रांताबाहेर अंतिम विल्हेवाट लावण्याचे बंधन सरकारने कायद्याने स्वतःवर घालून घेतले आहे. एवढी माती घेणार कोण? तेव्हा पर्यावरण मंत्रालयाने मार्ग काढला, की किलोमागे ८,००० बेकरेलपर्यंत किरणोत्सर्ग असलेली माती रस्त्यांच्या व बांधांच्या भरावात घालावी आणि वर स्वच्छ मातीचा थर द्यावा. साठ्यातील जवळजवळ तीन-चतुर्थांश माती या मर्यादेत बसते.

गंमत अशी, की जपानमध्येच अणुभट्टी पाडल्यावर निघणारे काँक्रीट आणि लोखंड मोकळेपणाने वापरावयाचे असेल, तर त्यासाठी मर्यादा १०० बेकरेलची आहे. मंत्रालयाचे यावरील उत्तर ऐकून घेतले पाहिजे. शंभराची मर्यादा मालावर पुढे कोणाचीच नजर राहणार नाही, असे गृहीत धरून ठरविलेली आहे. आठ हजारांची मर्यादा केवळ सरकारी बांधकामासाठी, सरकारी देखरेखीखाली आणि माणसाला वर्षाकाठी एक मिलिसीव्हर्टहून अधिक मात्रा मिळू नये अशा बेताने आहे. हे उत्तर अप्रामाणिक नाही. परंतु मग देखरेख किती वर्षे करावयाची? सीझियम-१३७ निम्मे होण्यास तीस वर्षे लागतात. ८,००० चे १०० होण्यास सुमारे १९० वर्षे लागतील. एवढी वर्षे आपण मागे गेलो, तर आपल्याकडे आगगाडीदेखील आलेली नव्हती! इतका काळ एका रस्त्याच्या भरावावर पहारा ठेवणारे खाते कोणत्या देशात आहे? ऑक्टोबर २०१९ च्या तुफानात तामुरा येथे अशा कचऱ्याच्या गोण्या पुराने नदीत वाहून नेल्या, तेव्हा दुर्घटनेला नऊ वर्षेही झालेली नव्हती.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे आणखी एक गोष्ट दिसते. २०१२ साली जपान सरकारने एक लाख कोटी येन ओतून तोक्यो विद्युत कंपनी सावरली. मातीच्या साठवणुकीचा खर्च ग्राहकांच्या वीजबिलातून वसूल होणाऱ्या करातून भागविला जातो. नफा भागधारकांचा आणि तोटा जनतेचा, हा न्याय आपल्या परिचयाचा आहे. ‘पुनर्वापर’ या शब्दाने त्यावर कळस चढविला. जी माती काल देणे म्हणून खतावणीत होती, ती भरावात गेली की बांधकामाचे साहित्य ठरते. देणे मात्र फिटत नाही. ते रस्त्याकडेला राहणाऱ्याच्या नावे चढते. निहोनमात्सु येथील रहिवाशांनी २०१८ साली अशा रस्त्याला विरोध केला आणि ते काम थांबले. जुलै २०२५ मध्ये लोकांचा विश्वास बसावा म्हणून पंतप्रधानांच्या कार्यालयाच्या आवारात ही माती पुरण्यात आली. किती? दोन घनमीटर.

देखरेख नसली म्हणजे काय होते, याचे उदाहरण अमेरिकेत आहे. कोलोराडोतील ग्रँड जंक्शन येथे युरेनियमच्या कारखान्यातील वाळूसारखा चोथा १९६६ पर्यंत बांधकामासाठी दिला जात होता. तो घरांच्या पायांखाली गेला आणि घरांत रेडॉन वायू साचू लागला. १९७२ व १९७८ साली कायदे करून, घरोघर किरणमापन करून, चार हजारांहून अधिक मालमत्तांतून तो उपसावा लागला. बहुतांश पैसा सरकारी तिजोरीचा.

आपल्यापुरते बोलायचे तर भोपाळ समोर आहे. जानेवारी २०२५ मध्ये युनियन कार्बाइडच्या आवारातील ३३७ टन विषारी कचरा पिथमपूरला नेण्यात आला, तेथील लोक रस्त्यावर उतरले, तरीही तो जाळण्यात आला. जाळताना चुना मिसळावा लागतो, त्यामुळे मागे उरलेली राख मूळ कचऱ्याहून वजनाने अधिक भरली. आणि कारखान्याच्या आवारातील दूषित माती तर निराळीच. २०१० सालच्या सरकारी संशोधनसंस्थांच्या अभ्यासातील अंदाज सुमारे अकरा लाख टनांचा होता. २००१ साली युनियन कार्बाइड विकत घेणारी डाऊ केमिकल ही जबाबदारी आपली मानत नाही. या मातीच्या विटा पाडण्याचा प्रस्ताव उद्या कोणी आणलाच, तर त्यातील रसायनांची तपासणी कोण करणार, हे आपण आधी विचारले पाहिजे. वीट ज्या जमिनीवर जाईल त्या जमिनीच्या सातबाऱ्यावर आणि मालमत्तापत्रकावर तिची नोंद व्हावी, तेथील ग्रामसभेला नकाराचा अधिकार असावा आणि राखणदारीचा खर्च कंपनीकडून आगाऊ वसूल होऊन तो स्वतंत्र निधीत जमा व्हावा. ही मागणी प्रस्ताव येण्यापूर्वीच करावयाची आहे. भराव पडल्यानंतर नव्हे.